मेडिसिनची पहिली इमर्जन्सी ड्युटी: नव्या इंटर्न आणि रेसिडेंटसाठी

एमबीबीएसची शेवटची परीक्षा सुटते, निकाल लागतो, आणि एके दिवशी रात्री आठला तुम्ही मेडिसिनच्या कॅज्युअल्टीत उभे असता. समोर स्ट्रेचरवर धापा टाकणारे आजोबा, मागे चौघे नातेवाईक, शेजारी सिस्टर विचारतेय, "डॉक्टर, काय लावू?" पुस्तकातलं सगळं डोक्यात असतं, पण सुरुवात कुठून करायची ते सुचत नाही. मी सरकारी मेडिकल कॉलेजात मेडिसिनची तीन वर्षं काढली, आता तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून काम करते. पहिल्या वर्षी मला कोणीतरी हे नीट बसवून सांगायला हवं होतं, ते इथे लिहिते आहे.

डोस दिलेत ते मोठ्या माणसांचे आणि सर्रास वापरात असलेले आहेत. तुमच्या युनिटचा प्रोटोकॉल वेगळा असेल तर तो पाळा, आणि शंका आली की देण्याआधी सीनियरला विचारा.

१. ड्युटी सुरू व्हायच्या आधी अर्धा तास

लवकर जा. हा अर्धा तास पुढे रात्रभर उपयोगी पडतो.

खिशात आणि पिशवीत हे असू द्या:

- स्टेथोस्कोप, टॉर्च, हॅमर
- सेकंद काटा असलेलं मनगटी घड्याळ (मोबाइल नको, तो सतत वाजतो)
- स्वतःचं पल्स ऑक्सिमीटर आणि जमलं तर ग्लुकोमीटर, स्ट्रिप्सची मुदत बघून
- टूर्निके, दोन-तीन इंट्राकॅथ (शिरेत ठेवायची सुई), चिकटपट्टी
- काचेची कोरडी, नवी, साधी टेस्ट ट्यूब, निदान दोन. कशासाठी ते साप चावल्याच्या भागात सांगते
- दोन पेन आणि छोटी वही. वहीत ब्लड बँक, लॅब, सीटी, आयसीयू आणि सीनियर यांचे नंबर

मग वॉर्डात एक फेरी मारा. क्रॅश ट्रॉली उघडून बघा: अॅड्रिनलिन, अॅट्रोपिन, कॅल्शियम ग्लुकोनेट, २५ टक्के डेक्स्ट्रोज कुठल्या कप्प्यात आहे? लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का? सक्शन ओढतंय का? सिलिंडर असेल तर चावी कुठे टांगली आहे? डिफिब (हृदयाला शॉक देणारं यंत्र) चार्ज आहे का? सिस्टर आणि मामा-मावशींना (वॉर्डबॉय आणि आया) नाव विचारा, आपलं सांगा. वीस वर्षं त्या वॉर्डात काढलेल्या सिस्टरने "डॉक्टर, हा पेशंट मला बरा वाटत नाही" म्हटलं, तर हातातलं काम टाकून जा.

२. पहिली दोन मिनिटं: निदान नंतर, आधी श्वास

रुग्ण आला की केसपेपर वाचत बसू नका, त्याच्याकडे बघा. पूर्ण वाक्य बोलतोय की दोन शब्दांनंतर थांबतोय? पंख्याखालीही कपाळावर घाम आहे? पाय गार आहेत? हाक मारल्यावर ओळखीने बघतोय का?

मग नेहमीचा क्रम: श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध, आणि शेवटी अंगावरचे कपडे बाजूला करून सगळं शरीर. क्रम असा ठेवण्याचं कारण, आधीची पायरी जीव लवकर घेते. एका पायरीवर गडबड दिसली की ती दुरुस्त करून मगच पुढे जा.

यात सगळ्यात जास्त खोटं लिहिलं जातं ते श्वासाच्या आकड्याबद्दल. कुठलेही दहा केसपेपर उघडून बघा, जवळपास सगळ्यांवर १८ किंवा २० लिहिलेलं सापडेल, कारण कोणी मोजलेलंच नसतं. पहिल्या महिन्यात एका बाईंच्या कागदावर असाच २० पाहून मी निश्चिंत झाले होते. बीपी ११०, ताप जरासा. सरांनी राउंडला त्यांच्या पोटावर हात ठेवला, घड्याळ काढलं आणि पूर्ण मिनिटभर गप्प उभे राहिले. ३४. त्या मिनिटात आम्ही सहाजण काहीही बोललो नाही. बाईंना न्यूमोनियाचा सेप्सिस (संसर्ग अंगभर भिनून अवयव बिघडू लागणं) होता आणि त्या दुपारी आयसीयूत गेल्या. बीपी पडायच्या कितीतरी आधी श्वास वाढतो. नाडी बघण्याचं नाटक करत, रुग्णाला न सांगता, पूर्ण ६० सेकंद मोजा. ३० सेकंद मोजून दुप्पट करायची सवय लावू नका, आजारी माणसाचा श्वास एकसारखा नसतो.

ऑक्सिजनचं लक्ष्य बहुतेकांना ९४ ते ९८ टक्के. जुना सीओपीडी (धुराने श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) असेल तर ८८ ते ९२. इथे फक्त बिडी ओढणारे पुरुष डोळ्यासमोर आणू नका. आयुष्य चुलीच्या धुरात गेलेल्या आजींनाही सीओपीडी असतो आणि त्यांच्या कागदावर तो कधीच लिहिलेला नसतो. त्यांना मास्क लावून १० लिटरवर सोडून दिलं तर सकाळपर्यंत कार्बन डायऑक्साइड साठून त्या गुंगीत जातात. बोट गार असेल किंवा नेलपॉलिश असेल तर ऑक्सिमीटरचा आकडा खात्रीचा नाही, दुसरं बोट किंवा कानाची पाळी वापरा.

शुद्ध कमी असेल, फिट आली असेल, विचित्र बोलत असेल, एक बाजू लुळी पडली असेल: शुगर. सीटीला पाठवण्याआधी शुगर. दारू प्यायलाय असं चौघांनी सांगितलं तरी शुगर. ७०च्या खाली आणि शुद्ध हरपलेली असेल तर २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली शिरेतून द्या. दारूची सवय किंवा उपासमार असेल तर त्याबरोबर थायमिन १०० मिलिग्रॅम. रुग्ण डोळे उघडतो, नातेवाईक हात जोडतात, आणि इथेच मोठी चूक होते. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड घेणाऱ्या, त्यातही किडनी अधू असलेल्या माणसाला घरी सोडू नका. ती गोळी अंगात असेपर्यंत शुगर पुन्हा पडते. निदान २४ तास ठेवून घ्या आणि ठरावीक वेळाने शुगर बघत राहा.

श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्ध आणि तापमान यांना गुण देऊन बेरीज करणारी न्यूज-टू नावाची पद्धत ब्रिटनमधून आली. ५ किंवा जास्त गुण आले की तातडीने बघायचं, ७ किंवा जास्त म्हणजे सीनियर आणि आयसीयूला लगेच कळवायचं. सुरुवातीला हाताशी ठेवा, नजर बसायला मदत होते.

३. रुग्णाची भाषा आणि आपली भाषा

आपण शिकतो इंग्रजीत आणि रुग्ण दुखणं सांगतो स्वतःच्या बोलीत. मधे बरंच सांडतं. हे काही शब्द:

"गॅस झालाय", "छातीत भरून आलंय": चाळिशीच्या पुढच्या माणसाने हे म्हटलं की ईसीजी होईपर्यंत त्याला हार्ट अटॅक समजा. त्याबरोबर "दरदरून घाम आला" असेल तर तर नक्कीच.

"जीव घाबरा होतोय": मनाची घाबरगुंडी समजून झोपेची गोळी देऊ नका. यात धाप, धडधड, शुगर पडणं, अटॅक यातलं काहीही असतं. "घाबरं होतं म्हणजे नक्की काय होतं, दाखवा" असं विचारा. हात छातीवर जातो, गळ्याकडे जातो की डोक्याकडे, ते बघा.

"वारं गेलं": पक्षाघात. "आकडी", "फेफरं": फिट. "उन्हाळी लागली": लघवीला जळजळ. "चक्कर" या शब्दाखाली मात्र तीन वेगळ्या गोष्टी येतात. घर फिरल्यासारखं वाटतं, डोळ्यापुढे अंधारी येते, की चालताना तोल जातो? तिन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत, म्हणून पर्याय देऊन विचारा.

"कालपर्यंत चांगले होते हो, आज असंबद्ध बोलतायत": म्हाताऱ्या माणसाबाबत हे वाक्य म्हणजे आजाराचं लक्षण आहे, वयाचं नाही. संसर्ग, सोडियम, शुगर, तुंबलेली लघवी, नवी गोळी हे एकेक तपासा. या वयात न्यूमोनियाला ताप नसतो आणि अटॅकला छातीत दुखणं नसतं, असं अनेकदा होतं.

आणि गोळ्यांची पिशवी मागवा. "बीपीची पांढरी गोळी" यावर समाधान मानू नका. एका नातेवाइकाला घरी पाठवून सगळी पाकिटं आणायला लावा. आयुर्वेदिक काढे, दुकानातून आणलेल्या कंबरदुखीच्या गोळ्याही त्यात आल्या पाहिजेत.

४. आज रात्री जीव कशाने जाईल, ते आधी

निदानाची यादी करताना सगळ्यात शक्य काय, हे आपण आपोआप लिहितो. तिच्या शेजारी दुसरी यादी करा: सुटलं तर रात्रीतून जीव जाईल असं काय? छातीत दुखण्यासाठी ती छोटीच आहे: हार्ट अटॅक, महाधमनी फाटणं, फुप्फुसात गुठळी, फुप्फुसाभोवती हवा. या चारांना नाही म्हणायला तुमच्याकडे काय पुरावा आहे, ते कागदावर लिहा.

*छातीचं दुखणं.* आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी. पहिला नॉर्मल आला आणि दुखणं चालूच असेल तर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा काढा. खालच्या भिंतीचा अटॅक दिसला तर उजव्या बाजूचा व्हीफोरआर (छातीच्या उजवीकडे लावायची ईसीजीची लीड) घ्या. उजवा कप्पा बाधित असेल तर जिभेखालच्या नायट्रेटच्या गोळीने बीपी धाडकन पडतं. अॅस्पिरिन सुमारे ३०० मिलिग्रॅम चावून खायला द्या. अँजिओप्लास्टी वेळेत होण्यासारखी नसेल आणि दुखणं सुरू होऊन १२ तास उलटले नसतील तर निदानानंतर अर्ध्या तासाच्या आत गुठळी विरघळवणारं औषध सुरू व्हावं. स्ट्रेप्टोकायनेज असेल तर १५ लाख युनिट, तासाभरात. त्याआधी विचारायचे प्रश्न तोंडपाठ ठेवा: मेंदूत कधी रक्तस्राव झाला होता? गेल्या तीन महिन्यांत पक्षाघात? अलीकडे ऑपरेशन, डोक्याला मार, काळी शौच? पाठीत फाडल्यासारखं दुखतंय का? दोन्ही हातांचं बीपी सारखं आहे का?

*पक्षाघात.* "कधी झालं?" असं विचारू नका. "शेवटचं चांगलं कोणी, किती वाजता पाहिलं?" असं विचारा. सकाळी सहाला उठताना हात हलला नाही, म्हणजे वेळ सहाची नाही, रात्री झोपण्याची धरायची. साडेचार तासांच्या आतला रुग्ण असेल तर सीटीकडे पळा. सीटीत रक्तस्राव नाही हे कळेपर्यंत अॅस्पिरिन नको. गुठळीचा झटका असेल आणि गुठळी विरघळवायची नसेल तर बीपी २२०/१२०च्या वर जाईपर्यंत ते खाली आणायची घाई करू नका, मेंदूला त्या दाबाची गरज असते. गिळता येतं का हे तपासल्याशिवाय पाणीसुद्धा पाजू नका. नातेवाईक प्रेमाने चहा पाजतात आणि तो फुप्फुसात जातो. त्यांना आल्या आल्या सांगा.

*पावसाळ्यातला ताप.* जून ते ऑक्टोबर तुमचा अर्धा वॉर्ड यानेच भरेल. डेंग्यूत घरचे सगळे प्लेटलेटच्या आकड्यावर डोळा लावून बसतात. तुम्ही हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशींचा टक्का किती, तो आकडा) बघा. ताप उतरतो त्याच सुमारास, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी, रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं. म्हणजे "ताप गेला, घरी सोडा" म्हणायचा दिवस तोच धोक्याचा. पोटात दुखणं, न थांबणारी उलटी, हिरड्यांतून रक्त, मलूलपणा, चढता हिमॅटोक्रिट आणि पडत्या प्लेटलेट दिसल्या तर जवळ बसा. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट साधारण १० हजारांच्या खाली गेल्याशिवाय चढवायची गरज नसते. डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन नको.

मलेरियाचा स्मिअर एकदा निगेटिव्ह आला म्हणून मलेरिया नाही असं नसतं, पुन्हा पाठवा. पोटऱ्या दाबल्यावर कळवळणारा, डोळे लाल, लघवी कमी, आणि भातखाचरात किंवा पुराच्या पाण्यात उभा राहिलेला माणूस: लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा जिवाणूंचा आजार). २६ जुलै २००५ला मुंबईत एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला, त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोची साथ आली. रिपोर्टची वाट न पाहता अँटिबायोटिक सुरू करायचं असतं. आणि तापाच्या प्रत्येक रुग्णाची काख, जांघ, स्तनांखालची घडी बघा, त्वचेवर काळी खपली आहे का? ती सापडली तर स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप), औषध डॉक्सिसायक्लिन. २०१८ साली विदर्भात याचे बरेच रुग्ण आढळले. खपली शोधायला एक मिनिट लागतं, पण संकोचापायी कोणी कपडे बाजूला करत नाही. पडदा ओढा, सिस्टरला सोबत घ्या, परवानगी विचारा आणि बघा.

*साप.* महाराष्ट्रात चार विषारी साप प्रामुख्याने लक्षात ठेवायचे: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. पैकी मण्यारने मला जे शिकवलं ते सविस्तर सांगते.

पहिल्या वर्षातला जुलै, पहाटेचे साडेचार. विशीतली एक मुलगी आली. पोटात कळा, दोन उलट्या. आदल्या रात्री शेजारी बारशाचं जेवण होतं. नाडी, बीपी ठीक, पोट मऊ. पँटोप्रॅझोल आणि उलटीचं इंजेक्शन लिहून मी पुढच्या रुग्णाकडे गेले. पाऊण तासाने मावशींनी हाक मारली, सलाईन थांबलं होतं. मी सुई नीट करत असताना ती माझ्याकडे मान मागे टाकून बघत होती. आधी वाटलं झोप आली असेल. "वर बघ" म्हटलं. कपाळाला आठ्या पडल्या, भुवया वर गेल्या, पण पापण्या अर्ध्या बुबुळावर तशाच राहिल्या. "घास गिळता येतोय का गं?" तिने मान हलवली, नाही. आईला विचारलं, "झोपता कुठे?" "खाली, चटईवर." अंगावर कुठेही दाताची खूण नव्हती, सूज नव्हती. मण्यार रात्री, झोपलेल्या माणसाला चावते, बहुधा दुखतही नाही, आणि पहाटे पोटदुखी सुरू होते. ते पुस्तकातलं वाक्य मला पाठ होतं आणि तरी मी बारशाच्या जेवणावर विश्वास ठेवला. तासाभरात तिला ट्यूब टाकावी लागली. चार दिवस व्हेंटिलेटरवर होती, मग चालत घरी गेली. सलाईन थांबलं नसतं तर मी परत कधी गेले असते, हा विचार अजून मनातून जात नाही.

म्हणून पावसाळ्यात पहाटे आलेल्या प्रत्येक पोटदुखीला तीन गोष्टी विचारा आणि करा: खाली झोपला होतात का, वर बघा, पाणी गिळून दाखवा.

घोणस आणि फुरसे रक्त गोठू देत नाहीत. ती टेस्ट ट्यूब यासाठी: शिरेतलं ताजं रक्त २ मिली, नव्या कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये, २० मिनिटं न हलवता ठेवा, मग तिरपी करा. रक्त ओघळलं तर गोठत नाही. धुतलेली किंवा प्लास्टिकची ट्यूब चालत नाही, निकाल चुकतो. विषाची लक्षणं असतील तर प्रतिविषाच्या १० बाटल्या सलाईनमधून तासाभरात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप विष वय बघून टाकत नाही. शेजारी अॅड्रिनलिन भरून ठेवा. रिअॅक्शन आली तर ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत. घट्ट बांधलेली दोरी झटकन सोडू नका, आधी सुई लावा, औषधं हाताशी ठेवा. लक्षणं नसली तरी २४ तास ठेवून घ्या. लाल विंचू चावलेल्याला घाम, गार हातपाय आणि धाप असेल तर प्राझोसिन. १९८०च्या दशकात कोकणात काम करताना महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी या गोळीचा उपयोग दाखवून दिला. त्यापूर्वी अशी पोरं फुप्फुसात पाणी भरून दगावत.

*विषबाधा.* कीटकनाशकाचा उग्र वास, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, तोंडाला फेस, घामाने चिंब अंग, मंद नाडी. आधी कपडे काढून अंग साबणाने धुवा, स्वतः हातमोजे घाला. अॅट्रोपिन १.८ ते ३ मिलिग्रॅमने सुरू करा आणि दर ५ मिनिटांनी दुप्पट. कधी थांबायचं? छाती स्वच्छ ऐकू येते, नाडी ८०च्या वर, वरचं बीपी ८०च्या वर, काख कोरडी. बाहुलीवर एकट्या भरवसा ठेवू नका, काखेत हात घाला. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी रोज म्हणा, "उशीवरून डोकं उचला." उचलता आलं नाही तर श्वासाचे स्नायू थकण्याच्या बेतात आहेत, आयसीयूला सांगा. सगळेच प्यायलेले असतील असंही नाही. २०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. "आज फवारणी केली का?" हा प्रश्न विसरू नका.

बाटली आणायला सांगा, कारण सगळी विषं एक नाहीत. तणनाशक पॅराक्वाट असेल तर गरज नसताना ऑक्सिजन दिल्याने फुप्फुसाचं नुकसान वाढतं. उंदीर मारायच्या पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टमध्ये पहिले दोन-तीन दिवस रुग्ण हसत-बोलत असतो, घरचे डिस्चार्ज मागतात, आणि मग यकृत निकामी होतं. रॉकेल प्यायलेल्याचं पोट धुवायचं नाही. बेशुद्ध माणसाचं पोट श्वासमार्ग सुरक्षित केल्याशिवाय धुवायचं नाही.

आणि ज्याने जीव द्यायचा प्रयत्न केला त्याला वॉर्डात कोणी टोमणे मारत असेल तर तिथेच थांबवा. शुद्धीवर आल्यावर पाच मिनिटं बसून बोला, मानसोपचार विभागाला कळवल्याशिवाय सोडू नका.

५. तपासण्या

प्रत्येक तपासणी पाठवताना ठरवा, रिपोर्ट आल्यावर मी काय बदलणार? सेप्सिस वाटत असेल तर अँटिबायोटिकआधी ब्लड कल्चर, पण कल्चरसाठी अँटिबायोटिक अडवून ठेवू नका. शॉक असेल तर तासाच्या आत पहिला डोस गेला पाहिजे. पोटॅशियम ६.८, म्हणजे फार वाढलेलं, आलं तर आधी ईसीजी. त्यावरच्या लहरींत टोकदार टी किंवा रुंद क्यूआरएस असेल तर फेरतपासणीची वाट न बघता १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली सावकाश द्या. ईसीजी साफ असेल तर रक्त ओढताना फुटलं होतं का, ते लॅबला विचारून पुन्हा पाठवा. डायबेटिक कीटोअॅसिडोसिसमध्ये उलट सापळा: पोटॅशियम ३.३च्या खाली असताना इन्सुलिन सुरू केलं तर ते आणखी पडतं आणि हृदय थांबू शकतं.

६. ऑर्डर लिहिताना

"युनिट" पूर्ण लिहा. इंग्रजी यू शून्यासारखा दिसतो आणि १० युनिटचे १०० होतात. ५ लिहायचे तर ५.० लिहू नका, टिंब पुसट झालं की ५० होतात. पोटॅशियम क्लोराइड कधीही सिरिंजने थेट शिरेत नाही. अॅलर्जी, अंदाजे वजन आणि क्रिअॅटिनिन कागदाच्या वरच लिहा. "सलाईन चालू" ही ऑर्डर नव्हे: किती मिली, किती तासांत, आणि नंतर कोण बघणार ते लिहा. सेप्सिसच्या शॉकमध्ये किलोला ३० मिली म्हणजे ५० किलोच्या माणसाला दीड लिटर, पण प्रत्येक ५०० मिलीनंतर फुप्फुसांचा तळ ऐका.

७. परत जा

मी पहिल्या वर्षी सगळा जोर पहिल्या तपासणीवर लावला. चुका झाल्या त्या दुसऱ्या तपासणीअभावी. अडमिशनच्या वेळचं निदान हा अंदाज असतो, आणि रुग्ण दर तासाला नवी माहिती देत असतो, ती घ्यायला तिथे कोणी हवं. औषध दिलं की वहीत वेळ लिहा: "बेड १२, २:४०, श्वास पुन्हा." त्या वेळी जा. श्वास मोजा, हातपाय चाचपा, लघवीची पिशवी बघा. किलोला तासाला अर्धा मिली लघवी हवी, म्हणजे ६० किलोला ३० मिली. पिशवी रिकामी असेल तर आधी नळी दुमडली आहे का ते बघा.

सुधारणा नसेल तर तीनच शक्यता: निदान चुकलं, औषध पोचलं नाही, किंवा आजार पुढे गेला. सुई शिरेबाहेर जाऊन हात सुजलाय आणि अँटिबायोटिक कातडीखाली जातंय, हे मी किती वेळा पाहिलं ते सांगवत नाही. चादर बाजूला करून सुईची जागा बघा.

८. सीनियरला फोन

झोपेतल्या माणसाला फोन करताना जीभ अडखळते. वाक्यं आधी लिहून घ्या: मी कोण, कुठला बेड, आत्ता काय अडचण, मागची पार्श्वभूमी दोन ओळी, आकडे, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवं. उदाहरणार्थ: "मॅडम, वॉर्ड ४ मधून बोलतेय. बेड ९, ५५ वर्षांचे, मधुमेह. एक लिटर देऊनही बीपी ८०, श्वास ३२, लघवी नाही. सेप्टिक शॉक वाटतोय. नॉरअॅड्रिनलिन सुरू करतेय, तुम्ही येऊन बघाल का?" शेवटचा प्रश्न गाळू नका, नाहीतर "बरं, लक्ष ठेव" एवढ्यावर फोन संपतो. फोन केल्याची वेळ कागदावर लिहा. ओरडा बसला तरी चालेल, पण पुढच्या वेळीही फोन करा.

९. नातेवाईक आणि कागदपत्रं

गंभीर रुग्ण असेल तर पहिल्या तासात घरच्या एका जबाबदार माणसाला बाजूला घेऊन बसा. उभ्याने, चालता चालता सांगू नका. "सीरियस आहे" याचा अर्थ प्रत्येक घर वेगळा घेतं. "जीवाला धोका आहे, आम्ही हे-हे करतोय, दोन तासांनी मी स्वतः पुन्हा सांगते" असं बोला, आणि दोन तासांनी खरंच जा. वॉर्डातली बरीचशी भांडणं कोणी काही सांगतच नाही म्हणून पेटतात.

त्यांच्याकडून मागवा: आधार कार्ड, रेशन कार्ड, जुने केसपेपर आणि डिस्चार्ज कार्ड, जुने ईसीजी, गोळ्यांची पिशवी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी आरोग्यमित्राकडे (योजनेचा हॉस्पिटलातला मदतनीस) रात्रीच पाठवा. डायलिसिस किंवा अँजिओप्लास्टी लागली तर सकाळी धावपळ होत नाही. पण कागद आले नाहीत म्हणून उपचार थांबवायचे नाहीत.

विषबाधा, सर्पदंश, भाजणं, मारहाण, अपघात, मृतावस्थेत आणलेला रुग्ण: एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंद करून पोलीस चौकीला कळवा. पोटातून काढलेलं पाणी सील करून ठेवा. संमतीपत्र रुग्णाला कळणाऱ्या भाषेत समजावून मगच सही किंवा अंगठा घ्या. जे केलं ते केल्या वेळीच लिहा. मागची वेळ घालून कागद कधीही बदलू नका.

१०. सकाळची ओव्हर

आठला नवी टीम येते तेव्हा तुमचे डोळे मिटत असतात. तरी ओव्हर (रुग्णांची माहिती पुढच्या टीमकडे सोपवणं) चहाच्या टपरीवर देऊ नका, बेडजवळ द्या. सगळ्यात आजारी तीन रुग्ण आधी. प्रत्येकाबद्दल चार गोष्टी: काय वाटतंय, कशाची खात्री नाही, कुठला रिपोर्ट यायचाय, काय झालं तर काय करायचं. खात्री नाही ते लपवू नका. "बेड ७, गॅस्ट्रायटिस" असं सांगितलं की पुढचा माणूस विचार करणं थांबवतो. "बेड ७, पोटदुखी, कारण सापडलेलं नाही, ईसीजी एकदाच झालाय" असं सांगितलं की तो दुसरा ईसीजी काढतो.

निघण्याआधी त्या तिघांकडे स्वतः एकदा जा, पूर्ण ६० सेकंद श्वास मोजा, आकडा वेळेसह केसपेपरवर लिहा आणि मग घरी जा.